अकरा हजार फुटांचं रेशन

वाशीजवळ ठाणे खाडीवर १९७३ मध्ये पूल झाला. तोवर मुंबईहून पुण्याला मोटारीने जायचं तर ठाणे, मुंब्रा, शीळ, तळोजा, पनवेल असा वळसा घ्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तळोजा हे कुलाबा जिल्ह्यातलं भातशेतीचं गाव होतं. गावात रेल्वे नव्हती. दिवा-पनवेल मार्ग साठच्या दशकातला. पण गावावरून जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही टोकांना हिंदुस्थानातल्या सिनेमाच्या दोन मोठ्या पेढ्या होत्या. मुंबईच्या बाजूला मालाडची बॉम्बे टॉकीज, पुण्याच्या बाजूला प्रभात फिल्म कंपनी. गावाच्या उत्तरेला कल्याणजवळ लष्कराच्या मोठमोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. कोकणातल्या अशा गावांतल्या माणसाला सिनेमा दिसायचा तो मुंबईला गिरणीत कामाला लागल्यावर, नाहीतर पावसाळा सरून जत्रांचा मोसम आला आणि जवळपास फिरत्या टॉकीजचा तंबू लागला तर.

युद्ध या माणसाच्या दाराशी आलं नाही. सिनेमाच्या पडद्यावर मात्र आलं, आणि तिथे सरकार, निर्माते व प्रेक्षक यांच्यात सहा वर्षं चांगलीच ओढाताण चालली.

व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या पुढाऱ्यांना विचारलंही नव्हतं. त्याची पहिली झळ सिनेमाला लागली ती मालाडमध्ये. हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीजची घडी जर्मन तंत्रज्ञांनी बसवलेली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार योझेफ विर्शिंग ही मंडळी पाच वर्षं तिथे काम करत होती. युद्ध पुकारलं गेलं आणि ती एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरली. ‘कंगन’चं काम चालू असतानाच ऑस्टेन यांना ताब्यात घेतलं गेलं. त्यांना पुढे वयामुळे सोडलं, विर्शिंग मात्र युद्धभर नजरकैदेत राहिले. राय स्वतः मे १९४० मध्ये वारले. कंपनी त्यांच्या पत्नी देविकाराणी यांच्या हाती आली आणि तिच्यातली धुसफूस वाढत गेली.

राजकारणातही पडदा बदलला होता. युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेरांचं सरकार नोव्हेंबर १९३९ मध्ये पायउतार झालं. काँग्रेसच्या काळात सैल झालेली सेन्सॉरची कात्री पुन्हा धारदार झाली. मुंबईच्या सेन्सॉर मंडळाचा अध्यक्ष पोलीस कमिशनर असे, एवढं सांगितलं तरी पुरे.

सरकारला प्रचाराचे चित्रपट हवे होते. त्यासाठी १९४० मध्ये फिल्म अॅडव्हायजरी बोर्ड नेमलं गेलं. अध्यक्षपदी जे. बी. एच. वाडिया आले, म्हणजे ‘हंटरवाली’ नादियाचे निर्माते. हे वाचून हसू येईल, पण वाडिया मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराचे होते. फॅसिझमशी लढायचं तर आज इंग्रजांना साथ दिली पाहिजे, अशी रॉयवाद्यांची भूमिका होती आणि वाडियांना ती मनापासून पटलेली होती. लघुपट काढायला लंडनहून अलेक्झांडर शॉ आले. ते परतल्यावर मुख्य निर्मात्याची जागा काही काळ व्ही. शांताराम यांनी सांभाळली, मग तेही बाहेर पडले. चळवळीच्या बाजूने झुकलेल्या जनतेसमोर सरकारी प्रचारपट ठेवणं हे शांतारामांसारख्या माणसाला फार काळ मानवणारं नव्हतंच.

त्याच सुमारास प्रभातमध्ये त्यांनी ‘शेजारी’ केला. साल १९४१, कथा विश्राम बेडेकरांची. एका गावातले दोन म्हातारे मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरणाचं काम घेऊन आलेला ठेकेदार त्यांच्यात फूट पाडतो. हिंदी ‘पडोसी’त शांतारामांनी हिंदू ठाकूर मजहर खानला दिला आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांना. सरकारी बोर्डाच्या कुठल्याही लघुपटापेक्षा ‘शेजारी’तला फुटणारा बांध लोकांच्या जास्त लक्षात राहिला, यात नवल नाही. शांतारामांचा प्रभातमधला तो शेवटचा चित्रपट. १९४२ मध्ये ते मुंबईला आले, परळला वाडिया मूव्हिटोनच्या जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर सुरू केलं. पाच भागीदारांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात उभी केलेली प्रभात ऐन युद्धात अशी दुभंगली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि लांबचं युद्ध एकदम जवळ आलं. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर आणि लगोलग विशाखापट्टणवर बॉम्ब पडले. मुंबईतल्या पुष्कळ कुटुंबांनी बायकापोरांना कोकणात, घाटावर गावी धाडून दिलं. शहरात ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, हातात शिट्टी घेतलेले हवाई हल्ला बचावाचे (एआरपी) वॉर्डन. सिनेमाचा धंदा आता बसणार असं कोणालाही वाटलं असतं.

झालं उलटंच. गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या, लष्कराच्या कापडाला खळ नव्हता, कामगाराच्या हाती महागाई भत्ता येत होता. आणि त्या पैशांत घ्यायचं काय? कापडावर नियंत्रण आलं, रॉकेल मिळेना, २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं, सुट्ट्या नाण्यांचीही टंचाई. कार्ड न दाखवता काही आण्यांत मिळणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दोन-अडीच तासांचा अंधार. लालबाग-परळपासून गिरगाव-लॅमिंग्टन रोडपर्यंतची थिएटरं भरून वाहू लागली. फोर्टच्या आसपास रीगल, इरॉस, मेट्रोसमोर खाकी गणवेशातल्या गोऱ्या सोजिरांच्या रांगा. सिमेंट आणि लोखंड युद्धाच्या कामी लागलेलं असल्यामुळे नवी थिएटरं बांधता येत नव्हती. प्रेक्षक वाढले, खुर्च्या तेवढ्याच राहिल्या. चालणारा चित्रपट मग उतरतच नसे. शांतारामांचा राजकमलमधला पहिला चित्रपट ‘शकुंतला’ १९४३ मध्ये मुंबईच्या स्वस्तिकला लागला आणि १०४ आठवडे, म्हणजे दोन वर्षं, तिथेच राहिला.

तंगी होती ती दुसऱ्याच एका गोष्टीची: कोऱ्या फिल्मची. एक फूटही फिल्म या देशात बनत नव्हती. (ती बनायला उटीच्या सरकारी कारखान्याची, म्हणजे साठच्या दशकाची, वाट पाहावी लागली.) जर्मनीची आग्फा युद्धाबरोबर बंद झाली. उरलेला माल अमेरिका-इंग्लंडहून बोटीने यायचा आणि बोटींवर आधी बंदुका चढत. १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा घातली: मुख्य चित्रपट ११,००० फुटांचा, जाहिरातीचा ट्रेलर ४०० फुटांचा. मिनिटाला नव्वद फूट या हिशेबाने ११,००० फूट म्हणजे दोन तास आणि दोन मिनिटं. गाणी, विनोदी उपकथा, भजनं आणि शेवटी न्यायनिवाडा एवढं सगळं कोंबून अडीच-तीन तास चालणारे चित्रपट काढायची सवय असलेल्या निर्मात्यांना ही फूटपट्टी फारच आखूड वाटली. खरं सांगायचं तर काही चित्रपटांचं त्यामुळे भलंच झालं.

१९४३ मध्ये पुढचं पाऊल पडलं. फिल्मवाटपच परवान्याखाली आलं. ज्याच्याकडे परवाना त्यालाच फिल्म, आणि परवाना हवा तर युद्धप्रयत्नांना हातभार लावणारे चित्रपटही काढा, असा सरकारचा आग्रह. परवान्याबरोबर काळाबाजारही आला. युद्धाच्या ठेक्यांत गब्बर झालेल्यांना नफ्यावरचा जबर जादा कर चुकवायचा होता. पैसा लपवायला सिनेमा ही उत्तम जागा. त्यांनी स्टुडिओ बांधले नाहीत, भाड्याने घेतले. पगारी नट पळवून त्यांना चित्रपटामागे घसघशीत रकमा दिल्या, निम्म्या वहीत आणि निम्म्या हातात. बॉम्बे टॉकीज फुटून १९४३ मध्ये फिल्मिस्तान निघाली. नट, लेखक, सुतार, शिंपी सगळे महिन्याच्या पगारावर एकाच आवारात, ही प्रभातची रीत या पैशापुढे टिकणं शक्य नव्हतं. १९४५ मध्ये प्रभातचे आधारस्तंभ विष्णुपंत दामले गेले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली.

सर्वांत मोठा फटका मराठी चित्रपटाला बसला. मुंबई-पुण्याच्या कंपन्या त्यावेळी बहुतेक चित्रपट दोन भाषांत काढत. तोच सेट, तेच कपडे; आधी मराठी शॉट घ्यायचा, लगेच हिंदी. खर्च थोडा वाढे, पण फिल्म दुप्पट लागे. फिल्म मोजून मिळू लागल्यावर निर्मात्याने साधा हिशेब केला: याच ११,००० फुटांत मराठी चित्रपट काढला तर तो कोल्हापूर ते नाशिक चालेल, हिंदी काढला तर लाहोर ते हैदराबाद. १९४४ मधला ‘रामशास्त्री’ हा प्रभातच्या दोन भाषांतल्या शेवटच्या काही चित्रपटांपैकी एक. पेशव्याच्या खुनाबद्दल त्याच्या सत्ताधारी काकाला दोषी ठरवणारा न्यायाधीश परक्या राजवटीत पडद्यावर आला आणि सेन्सॉरने त्याला इतिहास म्हणून जाऊ दिलं. त्यानंतर मराठी बोलपटांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी खाली आली.

या घसरणीची एक साक्षीदार पुढे जगाला ठाऊक झाली. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. घर चालवायचं ओझं बारा वर्षांच्या थोरल्या मुलीवर, लतावर आलं. त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोट्या भूमिकेत दिसली, मग मास्टर विनायकांच्या कोल्हापूरच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये तिला पगारी काम मिळालं. ‘माझे बाळ’, ‘चिमुकला संसार’, ‘गजाभाऊ’ हे सगळे मराठी चित्रपट. पण विनायकांनाही मराठीवर कंपनी चालवणं जमेना. त्यांनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं आणि १९४५ मध्ये नूरजहाँला घेऊन युद्धाच्या पार्श्वभूमीवरचा ‘बडी माँ’ हा हिंदी चित्रपट काढला. कंपनीबरोबर लताही मुंबईला आली. फिल्मचं रेशन नसतं तर ती कधी ना कधी मुंबईला आलीच असती. पण ती त्या वर्षी आणि त्या वाटेने आली, यामागे परवान्याचं राजकारण होतंच.

आता पडद्याच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. पुढारी तुरुंगात, तरुण भूमिगत. सिनेमागृह ही त्या काळात शेकडो माणसं अंधारात एकत्र बसू शकतील अशी जवळजवळ एकमेव जागा होती, कारण सभाबंदी असली तरी सिनेमाबंदी नव्हती.

पुण्यात याचा फार वेगळा उपयोग झाला. २४ जानेवारी १९४३, रविवार. कॅम्पातल्या कॅपिटॉल टॉकीजमध्ये नेहमीप्रमाणे गोऱ्या सैनिकांची गर्दी होती. खेळ चालू असताना बॉम्बस्फोट झाला आणि काही ब्रिटिश सैनिक ठार झाले. भूमिगत क्रांतिकारकांच्या एका गटाने ठेवलेले हे बॉम्ब सरकारच्याच कोठारांतून पळवलेल्या स्फोटकांचे होते. त्यांच्यातला भास्कर कर्णिक हा तरुण दारूगोळा कोठारात नोकरीला होता. पोलिसांनी त्याला पकडून फरासखान्यात आणलं. सोबत्यांची नावं तोंडून निघू नयेत म्हणून त्याने तिथेच विष घेतलं. पुढे कॅपिटॉलचं नाव बदलून व्हिक्टरी झालं.

बहुतेक प्रेक्षकांनी आपलं म्हणणं सांगायला साधा मार्ग निवडला. ते ‘किस्मत’ला गेले. बॉम्बे टॉकीजच्या या १९४३ च्या चित्रपटात अशोक कुमार खिसेकापू आहे. युद्धाशी कथेचा काही संबंध नाही. पण त्यात रंगमंचावर एक समूहगीत आहे. परक्यांनी हिंदुस्थानपासून दूर व्हावं असं ते बजावतं. कवी प्रदीप यांनी त्यात जर्मनी आणि जपान यांची नावं घालून ठेवली होती. सेन्सॉरच्या दृष्टीने हे शत्रूविरुद्धचं गीत. हरकत कशी घेणार? थिएटरातल्या प्रत्येकाला मात्र दाराबाहेर उभा असलेला परका कोण ते माहीत होतं. रीळ मागे फिरवून गाणं पुन्हा दाखवायला लावत, असं तेव्हाचे लोक सांगत. सरकारला उशिरा उमगलं आणि अटक टाळण्यासाठी प्रदीपजींना काही काळ भूमिगत व्हावं लागलं. कलकत्त्याच्या रॉक्सीत ‘किस्मत’ तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

सरकारने मग सक्तीचा मार्ग धरला. अॅडव्हायजरी बोर्डाच्या जागी १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था आली, प्रमुख एझ्रा मीर. तिच्या जोडीला ‘इंडियन न्यूज परेड’ हे साप्ताहिक वार्तापट. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम घालून प्रत्येक खेळाला २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवणं थिएटरमालकांना बंधनकारक केलं, आणि तिचं भाडंही त्यांच्याकडूनच वसूल केलं. म्हणजे निर्मात्याची फिल्म कापून उरलेली प्रेक्षकाला सरकारी पंगतीत वाढली, आणि पानाचे पैसे यजमानाऐवजी मांडववाल्याने भरायचे. हे वार्तापट इंग्रजी, हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत निघत. मराठी त्यांत नव्हती. ज्या मुंबई प्रांतात हे सगळं तयार होत होतं आणि ज्याच्या खेड्यापाड्यांतून मराठा पलटणींसाठी भरती चालू होती, तिथल्या प्रेक्षकाला आपल्याच जवानांच्या बातम्या परक्या भाषेत ऐकाव्या लागल्या.

आणि खरी बातमी घडली तेव्हा काय झालं? १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर दोन प्रचंड स्फोट झाले. बोटीत कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. शेकडो माणसं मेली, मांडवीच्या बाजूच्या वस्त्या जळाल्या. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली. इथल्या बातमीदारांना ती बाहेर पाठवायची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. आगीचं चित्रीकरण झालं होतं. लष्कराने ती रिळं जप्त केली आणि त्यातला काही भाग पुढे कधीतरी वार्तापटात दाखवला गेला. सक्तीच्या २,००० फुटांत मुंबईकराला ब्रह्मदेशची आघाडी दिसत होती, स्वतःचं जळणारं शहर नाही.

त्याच उन्हाळ्यात जुहूला एक गमतीचा प्रसंग घडला. ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटलेले गांधीजी शांतिकुमार मोरारजींच्या बंगल्यात विश्रांती घेत होते. त्यांना ‘मिशन टू मॉस्को’ हा अमेरिकेचा युद्धकालीन प्रचारपट दाखवण्यात आला. त्यातली नाचगाणी त्यांना मुळीच रुचली नाहीत. मग विजय भट्ट यांचा १९४३ चा ‘राम राज्य’ दाखवला गेला, शोभना समर्थ सीतेच्या भूमिकेत. गांधीजींनी पाहिलेला भारतीय चित्रपट म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. युद्धकाळात पौराणिक चित्रपटांना एवढी चलती का होती याचं उत्तर यातच आहे. सेन्सॉरला रामाला अडवता येत नव्हतं, आणि ‘राम राज्य’ हे शब्द पोस्टरवर वाचणाऱ्याला कोणाचं राज्य नको आहे हे सांगावं लागत नव्हतं.

युद्धप्रयत्नांच्या परवान्यातूनही एक चांगला चित्रपट निघाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि शांतारामांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ करायला घेतली. चीन हे मित्रराष्ट्र, जपान हा शत्रू. युद्धप्रयत्न म्हणून याहून चोख विषय कोणता? आणि नायक मात्र खादीवाल्यांनी धाडलेला मराठी डॉक्टर. फिल्म सरकारी कोट्यातली, सूर नेहरूंच्या बाजूचा. चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला; शांताराम स्वतः कोटणीस झाले होते.

युद्ध संपलं, फिल्मवरचं नियंत्रण उठलं. मराठी चित्रपटाला पुन्हा श्वास घेता आला तो १९४७ मध्ये, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘जय मल्हार’मुळे. पण दोन भाषांत एकदम चित्रपट काढायची चाल पूर्वीसारखी परत आली नाही. मुंबईतला निर्माता एकदा हिंदीकडे वळला तो वळलाच, आणि मराठी चित्रपटाचा प्रेक्षक हळूहळू ग्रामीण तमाशापटांकडे सरकला. पुढे पन्नास वर्षं मराठी सिनेमा ‘मागे का पडला’ यावर जे परिसंवाद झाले, त्यांत या परवान्यांची आठवण क्वचितच कोणी काढली.

प्रचारयंत्रणेचं काय झालं, ते त्याहून बोलकं आहे. लोकांना नकोशी झालेली इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया १९४६ मध्ये गुंडाळली गेली. परिणामी १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा चित्रित करायला सरकारजवळ स्वतःचं पथक नव्हतं. ते काम खासगी छायाचित्रकारांनी केलं. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढली. कचेरी मुंबईतच राहिली, वार्तापट पुढे मराठीतही आले. इंग्रजांनी युद्धासाठी लावलेली सक्तीच्या प्रदर्शनाची अट मात्र नव्या सरकारने उचलून घेतली, भाड्यासकट. मुख्य चित्रपटाआधी धरणांचे, पुरांचे आणि मंत्र्यांच्या उद्घाटनांचे जे कृष्णधवल वार्तापट दोन-तीन पिढ्यांनी पाहिले, ते ४४-अ कलमाचेच वारस होते.